फिजी-न्यूझीलंडला निघताय? आधी बूट उलटे करा

यादी मुद्दाम शेवटाकडून सुरू करते. व्हिसा, तिकिटं, डॉलर हे सगळं नंतर. आधी घरातल्या प्रत्येकाचे तिकडे न्यायचे जोडे बाहेर काढा आणि अंगणात उलटे मांडा. तळाच्या नक्षीत माती आहे? खाचेत काळं काहीतरी वाळून बसलंय? ते तिकडे न्यायचं नाही. न्यूझीलंडमध्ये मळलेले बूट हा उतरताना जाहीर करायचा माल समजतात. न सांगता सापडले तर माणशी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड, तोही जागच्या जागी. आपले वीस हजारांच्या आसपास झाले. आम्ही तो भरलाय. बूट ह्यांचे, पण बॅगेत भरले मी आणि फॉर्मही भरला मीच, त्यामुळे भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

मातीला एवढं काऊन घाबरायचं, असं मलाही वाटलं होतं. पण त्यांची बाजू ऐकली की राग उतरतो. चहूबाजूंनी समुद्र, आणि मोठा शेजारी म्हणावा तर ऑस्ट्रेलिया, तोही दीड-दोन हजार किलोमीटरवर. जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. बाकी राज्य पक्ष्यांचं. किवीसारख्या पक्ष्याला उडायची गरजच पडली नाही, तो खुशाल जमिनीवर अंडी घालत राहिला. मग बोटींतून उंदीर, मांजरं आली आणि त्यांनी फडशा पाडला. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे हा देश संशयाने बघतो. त्यात दूध, लोणी, मांस यांच्या निर्यातीवर त्यांचं मोठं पोट आणि तिथे लाळ्या खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग नाही. आपल्याकडे आहे. ज्यांच्या घरी वावर आणि गोठा आहे त्यांना यापुढे समजावून सांगायला नको. या रोगाचा विषाणू शेणामातीबरोबर बुटाला चिकटून प्रवास करू शकतो. बिया जातात, बुरशी जाते. आणि आपण काटोलच्या संत्र्याच्या बागेतून आलेले बूट नुसते झटकून बॅगेत टाकतो.

उतरण्याआधी प्रत्येकाला ‘न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. प्रवास सुरू होण्याच्या २४ तास आधीपासून भरता येतो आणि तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. त्यात विचारतात की गेल्या ३० दिवसांत रानावनात गेला होतात का, शेतीच्या किंवा जनावरं पाळायच्या जागी गेलात का, कुत्री-मांजरं सोडून इतर जनावरांशी संबंध आला का. नागपूरच्या माणसाने यावर ‘नाही’ म्हणायचं म्हणजे कमालच. रामटेक, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नाहीतर मामाचं वावर, महिन्याभरात आपण कुठेतरी गेलेलोच असतो. जनावरांचं तर विचारूच नका, गाय रस्त्यात बसलेली असते आणि आपण तिला वळसा घालून ऑफिसला जातो. तेव्हा ‘हो’ लिहा. ‘हो’ म्हटलं म्हणून कुणी परत धाडत नाही. अधिकारी बूट काढायला सांगतो, तळ बघतो, मळलेले असतील तर बहुतेक वेळा तिथेच साफ करून हातात देतात. दंड लागतो तो न सांगितल्याचा, आणि ‘विसरलो’ हेही न सांगण्यातच मोडतं.

आता बाकीचं, क्रमाने.

सुट्टी कोणती, हे पहिलं. तिकडचे ऋतू उलटे. आपल्या मे महिन्यात, नागपूर ४५ अंशांवर भाजत असतं तेव्हा न्यूझीलंडला हिवाळा तोंडावर आलेला असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘थंड हवेला’ म्हणून जाणाऱ्यांनी दक्षिण बेटावर बर्फाळ रस्ते आणि पाच वाजता अंधार धरून चालावं. डिसेंबर-जानेवारी तिथला ऐन उन्हाळा, दिवस लांब, पण दर चढे. आणि फिजीत नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. दोन्ही देश एका खेपेत करायचे तर काहीतरी सोडावं लागतंच. दिवाळीची सुट्टी मला सगळ्यांत बरी वाटते. न्यूझीलंडला वसंत असतो, फिजीत वादळांचा हंगाम जेमतेम सुरू होत असतो.

पासपोर्ट: परतल्यानंतरही सहा महिने मुदत शिल्लक हवी. पुढे.

व्हिसा. फिजीला भारतीयांना आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर चार महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवता आली पाहिजे. न्यूझीलंडचा मात्र आधी काढायचा, अर्ज ऑनलाइन, फीबरोबर १०० न्यूझीलंड डॉलरचा पर्यटन आकारही घेतात. खर्चाची ऐपत दाखवायला माणशी महिन्याला १,००० डॉलर, राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. मराठीतला कागद असेल, जन्मदाखला, सातबारा, ग्रामपंचायतीचं काहीही, तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. सासू-सासऱ्यांचे कागद हमखास मराठीत असतात आणि नेमके तेच शेवटच्या आठवड्यात आठवतात.

विमान ऑस्ट्रेलियामार्गे असेल तर थांबा. नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. फी नाही, पण अर्ज करावाच लागतो. आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील, मधे सामान घेऊन पुन्हा टाकायचं असेल, तर तुम्ही त्या देशात शिरताय. त्यालाही ट्रान्झिट व्हिसा चालतो, पण पुढचं विमान ७२ तासांच्या आत हवं; त्याहून जास्त थांबायचं तर पर्यटक व्हिसा. सिंगापूरमार्गे एकाच तिकिटावर गेलात तर ही कटकट नाही. दोन पैसे जास्त गेले तरी एकच तिकीट घ्या.

नागपूरहून मुंबई की दिल्ली? डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर मुंबई. दिल्लीच्या धुक्यात सकाळचं विमान अडकलं की पुढचं सगळं कोसळतं. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूर-मुंबई तिकिटं कडाडतात, त्या तारखा बघून घ्या. आणि पुढचं आंतरराष्ट्रीय उड्डाण त्याच रात्रीचं असेल तरी सकाळच्या विमानाने किंवा आदल्या रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठा. एक दिवस काकांकडे गेला तर काकू खूशच होतात.

विमा: घ्या. वयस्कर मंडळींची बीपी-शुगर फॉर्ममध्ये खरी लिहा. हेलिकॉप्टर, हिमनदी, उड्या मारणं यातलं काही करणार असाल तर ते त्यात आहे का ते वाचा.

आता पोटाचा प्रश्न. आमच्याकडे दौऱ्याची बॅग म्हणजे अर्धी दुकानाची फळी. सासूबाईंनी चिवडा, मेतकूट, लोणचं, च्यवनप्राश, संत्रा बर्फी, सगळं काढून ठेवलं होतं आणि एकेक वस्तू परत फळीवर ठेवताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सरळ सांगते. मध आणि मधमाशीचं काहीही न्यूझीलंडमध्ये नेता येत नाही, म्हणजे च्यवनप्राश गेला. संत्री अर्थातच नाही. खवा-दुधाचं घरीच संपवा, बर्फीसाठी अधिकाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. कारखान्यात सीलबंद झालेला, इंग्रजी लेबल असलेला सुका खाऊ न्या आणि तो फॉर्ममध्ये लिहा. घरचा डबा, मोकळ्या पिशवीतलं तिखट, कागदात बांधलेली बडीशेप, यांचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या, पण सांगितलेलं असू द्या. विमानात मिळालेलं सफरचंदसुद्धा उतरण्याआधी खाऊन टाका. आणि खरं म्हणजे एवढं वाहून नेण्याची गरजच नाही. ऑकलंडला भारतीय किराणा दुकानं भरपूर आहेत, मोटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी शेगडी-भांडी असतात. तांदूळ, मूगडाळ तिथेच घ्या, खिचडी टाका. हे दक्षिण बेटावर फार कामी येतं, कारण लहान गावांत रात्री आठनंतर गरम जेवण मिळणं कठीण.

फिजीचे नियमही ढिले नाहीत. जे न्यूझीलंडला चालत नाही ते फिजीलाही नेऊ नका, म्हणजे दोन याद्या करायला नकोत.

आणि पर्स तपासा. सगळ्यांच्या. टेकडी गणपतीचं वाळलेलं फूल, दूर्वा, तुळशीचं पान, सुपारी, हळकुंड, हे आपल्याला प्रसाद असतं आणि त्यांना वनस्पती. देवाला हात जोडा आणि फूल देव्हाऱ्यात ठेवून या.

आता पुन्हा बूट. कंटाळा आला असेल तरी वाचा.

निघण्याच्या आठवडाभर आधी, आदल्या रात्री नव्हे, बूट धुवायला घ्या. आदल्या रात्री धुतलेला बूट वाळत नाही, ओला बूट बॅगेत कुबट वास मारतो, आणि मग कुणीतरी म्हणतं ‘राहू दे, चालतंय’. तसंच चाललं होतं आमचं. आपली काळी माती भलती चिवट, पावसाळ्यात बुटाला बसली की उन्हाळ्यापर्यंत साथ सोडत नाही. वरून पुसून ती निघत नाही. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी आणि खाचांसाठी जाड सुई किंवा टाचणी. आधी नाडी काढा. आतला सोल उचला, त्याखाली वाळू असते. बुटाची जीभ उघडून आतला सांधा बघा. कापडी बूट असेल तर शिवणीत कुसळं अडकलेली असतात, ती चिमट्याने एकेक उपटा. मोज्यांतली कुसळं तर धुऊनही निघत नाहीत. वावरात घातलेले मोजे नेऊच नका, नवे घ्या, सीताबर्डीच्या बाजारात ढिगाने मिळतात. गोखरू, आघाडा, जे जे पायाला चिकटतं ते ते बघा. मग कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. बांधल्यावर ते बूट घालून गच्चीवरसुद्धा जायचं नाही. दूध आणायला बाहेरच्या चपला.

नवेच बूट घ्यायचे असं ठरवलं तर उत्तम, पण महिनाभर आधी घ्या आणि घरातल्या घरात घालून फिरा. नवा बूट चावतो. मग टाचेला पट्टी लावून माणूस मिलफर्डसारखी जागा बघायला जातो आणि गाडीतून उतरतच नाही.

माती फक्त बुटाला असते असंही नाही, हे आम्हाला तिथे रांगेत उभं राहून कळलं. बॅगेची चाकं. बाळाच्या गाडीची चाकं. सासऱ्यांच्या काठीचं खालचं रबरी टोपण, त्यात तर अंबाझरीच्या बागेतली अख्खी चकती वाळून बसली होती. पोट्ट्यांची क्रिकेटची बॅट आणि चेंडू, मैदानावर खेळलेला. छत्रीचं टोक. ट्रेकिंगच्या काठ्या, तंबू, कॅमेऱ्याचा स्टँड, त्याचे पाय. सगळं धुवा, सगळं लिहा.

कपडे: थरावर थर. तिथे एका दिवसात ऊन, पाऊस, वारा सगळं होतं, म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन पातळ स्वेटर आणि वर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट बरं. टोपी आणि सनस्क्रीन न्याच. ‘आपण नागपूरचे, आपल्याला ऊन काय करणार’ असं म्हणणाऱ्यांची नाकं सोललेली पाहिली आहेत. हवा गार लागते, म्हणून कळत नाही, पण तिथले अतिनील किरण फार तीव्र.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपेक्षा जास्त नकोत. चूर्णं आणि काढे जाहीर करा. प्लग: दोन्ही देशांत तिरप्या चपट्या पिनांचा, एकच अडॅप्टर चालतो. दोन घ्या, पोट्टे एक पळवतात. लायसन्स प्लास्टिकचं मूळ कार्ड, इंग्रजीतलं, मोबाईलमधला फोटो नव्हे. पैसे: दोन वेगळी कार्डं, थोडी रोख.

घरचं: गॅस, नळ, दूधवाला, झाडांना पाणी. कूलरची टाकी कोरडी करा.

फिजी. नादीला उतराल, उच्चार ‘नांदी’. चोवीस तासांत लक्षात येईल की इथे हिंदी चालते, जरा निराळ्या वळणाची. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं इथल्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आणली गेली, त्यांची ही नातवंडं-पणतवंडं. टॅक्सीवाल्याशी गप्पा मारा, तासभर सहज जातो. नादीतलं श्री शिव सुब्रह्मण्य मंदिर बघा. फिजीयन गावात जाणार असाल तर यजमानांसाठी कावाची मुळी (तिचं पेय करतात) न्यायची रीत आहे, ती तिथल्याच बाजारात मिळते. गावात टोपी आणि गॉगल काढायचे, खांदे-गुडघे झाकायचे. बेटांवर जायच्या बोटी डेनाराऊ बंदरातून सुटतात, मामानुका जवळ, यासावा लांब. बोट लागणाऱ्यांनी आधीच गोळी घ्यावी. प्रवाळ, मोठे शंख बॅगेत टाकू नका.

सबेटोला गरम झरे आणि चिखलाची कुंडं आहेत, अंगाला चिखल फासून बसायचं. मुलांना इतकी मजा येते की विचारू नका. पण बावा, हा चिखल घेऊन तुम्ही पुढे कुठे जाणार आहात ते आठवा! तिथे रबरी चपला घाला, चांगले बूट हॉटेलवर ठेवा. सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्या चढलात तर तेच. न्यूझीलंडला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये पुन्हा टूथब्रश. हो, तोच जुना टूथब्रश सोबत न्यायचाय, तो यादीत आहे. सगळे बूट, चपला, पोहायच्या चड्ड्यांचे खिसे. फॉर्ममध्ये पुन्हा ‘हो’. विमानात बसल्यावर काही आठवलं तरी उतरल्यावर आधी सांगा. बॅग तपासणीला जाण्यापूर्वी सांगितलेलं चालतं, सापडल्यावर सांगितलेलं नाही.

न्यूझीलंड. गाडी डावीकडूनच, आपल्यासारखी, त्यामुळे लवकर हात बसतो. पण एकेरी पूल येतात, पाटीवर अग्रक्रम कुणाचा ते वाचायचं. सात वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची, गाडीबरोबरच सांगून ठेवा. नकाशातल्या वेळेत दीड तास वाढवा.

इथेही बूट सुटत नाहीत. उत्तरेकडच्या वायपोआच्या जंगलात ताने माहुता हा अवाढव्य कौरी वृक्ष आहे. कौरीला मातीतून पसरणारा, इलाज नसलेला रोग लागलाय, म्हणून वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि औषधी पाण्याची चौकी असते. आत जाताना आणि बाहेर येतानाही तळ घासायचे. काही पायवाटा बंदच आहेत, दोरी ओलांडू नका. ऑकलंडहून बोटीने तिरितिरी माटांगी या पक्ष्यांच्या बेटावर जाल तेव्हा बॅगेत उंदीर, मुंगी, बी नाही ना हे आधी बघायला सांगतात. दक्षिण बेटावर एका नदीतून दुसऱ्या नदीत पाय घालायचे तर मधे जोडे धुऊन वाळवायचे, डिडिमो नावाचं शेवाळ पसरतं म्हणून. पहिल्यांदा मला हे अति वाटलं होतं. नंतर मीच पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना थांबवायला लागले.

मिलफर्ड साउंड: ‘ते आनाऊ’ या गावाहून जायलाच दोन तास, टाकी तिथेच भरा. वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, म्हणजे भिजायचंच आहे, धबधबे पावसातच बघण्यासारखे. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, मलम लावा. वायटोमोच्या चमकणाऱ्या अळ्यांच्या (ग्लोवर्म) गुहेत बोटीत फोटो काढू देत नाहीत. रोटोरुआला गंधकाचा वास, दोन तासांनी सवय होते. टेकापोला आकाश निरभ्र असेल तर रात्री झोपू नका, तारे बघा. दोन बेटांमधली वेलिंग्टन-पिक्टन फेरीबोट साडेतीन तास, खवळलेल्या दिवशी जास्त वाटतात.

परत येताना: मानुका मध (तिथला खास मध) चेक-इन बॅगेत, हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर काढून घेतात. लोकरीच्या पावत्या ठेवा. परतल्यावर साडेसहा-साडेसात तासांचा फरक भरून निघायला वेळ लागतो, संध्याकाळी सातला डोळे मिटतात आणि मध्यरात्री भूक लागते. रजा एक दिवस जास्तीची टाका.